जुना मसुदा कोठे सापडतो?

आपल्या कामातले बहुतेक लेखन आता संगणकावर होते. सभेचा वृत्तान्त, तहसीलदारांना द्यावयाचे निवेदन, शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलांची यादी, मुलाखती, प्रबंधाचे प्रकरण, कवितेचा खर्डा, हे सारे फाईलच्या रूपात राहते. कागदावर लिहिणारा माणूस शब्द खोडी तेव्हा खोडलेला शब्दही कागदावरच राही. रेघेखालचे अक्षर वाचता येई. पूर्वी काय लिहिले होते, ते कोठे बदलले आणि कोणाच्या अक्षरात बदलले, हे त्या कागदाकडे पाहून सांगता येई. संगणकावर अशी खूण राहत नाही. फाईल उघडली, मजकूर बदलला आणि 'सेव्ह' केले की नवा मजकूर जपला जातो व त्याच क्षणी जुना नाहीसा होतो. एकाच बटणात जपणे आणि पुसणे अशा दोन क्रिया आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

महाविद्यालयातले विद्यार्थी आणि चळवळीतले मित्र माझ्याकडे पुष्कळदा एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, फाईल आहे, पण तिच्यातला आधीचा मजकूर हवा आहे. मिळेल का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. जुना मजकूर मिळणे हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, तो मजकूर बदलण्यापूर्वी कोठेतरी त्याची प्रत निघालेली होती काय. आणि दुसरी, ती प्रत कशी शोधावी हे आपल्याला ठाऊक आहे काय. पहिली गोष्ट आधी करून ठेवावयाची असते. दुसरी शिकता येते. ती फार अवघड नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्या एखाद्या माणसापाशी ती पोथीसारखी बांधून राहावी असे तिच्यात काहीही नाही.

सेव्ह केल्यावर जुन्या मजकुराचे नेमके काय होते? बहुतेक प्रोग्राम नवा मजकूर डिस्कवर लिहितात, फाईलचे नाव त्याला जोडतात आणि जुन्या मजकुराची जागा मोकळी झाली असे मानतात. मोकळ्या जागेतून पुसलेले शोधून काढणारे प्रोग्राम मिळतात. परंतु त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले असेल तर हाती काही लागत नाही. आणि आजकालच्या एसएसडी डिस्क अशी मोकळी जागा आपणहून साफ करीत असतात. म्हणून या वाटेवर फार भिस्त ठेवू नये. 'अनडू' हे बटण बहुतेक प्रोग्रामांत फाईल उघडी असेपर्यंतच चालते. 'वर्ड' हा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी एक तात्पुरती प्रत काढतो, पण ती वीज गेली किंवा प्रोग्राम मध्येच बंद पडला तर उपयोगी पडावी यासाठी. फाईल नीट बंद केली की त्या प्रतीचे काम संपते. काल बदललेले वाक्य तिच्यात शोधून मिळत नाही.

हे असेच असावयास पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. १९७७ साली डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीचे व्हॅक्स संगणक आले. त्यांवरच्या व्हीएमएस या प्रणालीत फाईल पुन्हा सेव्ह केली की जुनी तशीच राही आणि नव्या फाईलच्या नावापुढे अर्धविराम देऊन पुढचा क्रमांक लागे: एक, दोन, तीन. जुन्या प्रती नको असतील तर तसा हुकूम आपण द्यावयाचा. डॉसच्या काळात ज्यांनी 'वर्डस्टार'वर टंकलेखन केले त्यांना आठवत असेल की तो प्रोग्राम सेव्ह करताना आधीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवीत असे. आजही 'वर्ड' आणि 'लिबरऑफिस' या दोन्हींत 'नेहमी बॅकअप प्रत ठेवा' अशा अर्थाची सोय आहे. मात्र ती आपण सुरू करावी लागते. म्हणजे जुने राखावे की पुसावे हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. तो आपल्याला बदलता येतो.

आता एक उदाहरण घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांवर एक विद्यार्थिनी संशोधन करीत होती. तिने मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्या बायकांच्या बोलीत जशाच्या तशा उतरवल्या आणि सगळ्या एका फाईलमध्ये ठेवल्या. जागा अपुरी पडू लागली तेव्हा मोबाईलमधले मूळ ध्वनिमुद्रण काढून टाकले गेले. पुढे तिला कोणीतरी सांगितले की प्रबंधाची भाषा प्रमाण असली पाहिजे. तिने त्याच फाईलमध्ये बोली पुसून प्रमाण मराठी घातली. 'उचल' या शब्दाच्या जागी 'आगाऊ रक्कम' आले. 'कोयता' होता तेथे 'पती-पत्नी' आले. चार महिन्यांनी विश्लेषण लिहावयास बसली तेव्हा तिच्या ध्यानात आले की आपल्यापाशी आता पुरावाच उरलेला नाही. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली 'उचल' माणसाला पुढच्या हंगामापर्यंत कशी बांधून ठेवते, हे 'आगाऊ रक्कम' या शब्दांत कोठेच नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असा हिशेब होतो आणि त्या हिशेबात बाईची मजुरी वेगळी दिसत नाही. 'पती-पत्नी' या शब्दांनी तो हिशेबच झाकला जातो. फाईल शाबूत होती, पाने तेवढीच होती. हरवली होती ती त्या बायकांची साक्ष.

अशा वेळी शोध कोठून सुरू करावा? माझा क्रम ठरलेला आहे. ज्या संगणकावर ही फाईल बदलली गेली त्यावर शक्य तितके कमी काम करावे, आणि प्रथम आजच्या फाईलची एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवावी. शोधाच्या गडबडीत आहे तेही जाऊ नये.

त्यानंतर ज्या प्रती कोणी बॅकअप म्हणून काढलेल्या नसतात त्या पाहाव्या. मार्गदर्शकांना ईमेलने पाठविलेली फाईल, मैत्रिणीला मोबाईलवर धाडलेली फाईल, छापून घेण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेन ड्राईव्ह. ईमेलला जोडलेली फाईल पाठविण्याच्या क्षणी जशी होती तशीच राहते. नंतर मूळ फाईलमध्ये केलेला बदल तिच्यात जात नाही. या विद्यार्थिनीच्या 'सेन्ट'मध्ये अशी एक प्रत मिळाली. मात्र तीत अकरा मुलाखतींपैकी चारच होत्या, कारण ती पाठविली तेव्हा तेवढ्याच उतरवून झाल्या होत्या.

तिसरी पायरी संगणकाच्या स्वतःच्या व्यवस्थेची. विंडोजमध्ये फाईलवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की 'प्रीव्हियस व्हर्जन्स' असा भाग दिसतो. तेथे जुन्या प्रतींची यादी असेल तर उत्तम. ती यादी रिकामी असेल तर 'फाईल हिस्टरी' पाहावी. ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. ती सुरू करून बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर ती ठराविक फोल्डरांतील बदललेल्या फाईलींची दर तासाला प्रत काढते. त्या डिस्कवर प्रत्येक प्रतीच्या नावातच तारीख आणि वेळ घातलेली असते. येथे पुष्कळ लोक गोंधळतात. ही वेळ भारतीय नसून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते व ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सकाळी नऊ वाजताची प्रत तेथे पहाटे साडेतीनची दिसते. पहाटे तीन वाजता केलेले काम आदल्या दिवसाच्या तारखेवर पडते. आपल्या घड्याळाप्रमाणे शोधणारा माणूस चुकीच्या प्रतीपाशी थांबतो.

सुदैवाने ही विद्यार्थिनी ज्या संगणकावर काम करीत होती त्यावर फाईल हिस्टरी चालू होती. यादीत साठाहून अधिक प्रती होत्या. त्या एकेक उघडून वाचावयाच्या म्हटले तर दिवस गेला असता. त्याऐवजी एक साधी युक्ती करावी. जुन्या मजकुरातला एक शब्द खूण म्हणून धरावा. आम्ही 'उचल' धरला. यादीच्या मधली प्रत उघडून तो शब्द शोधावा. सापडला तर बदल त्यानंतर झाला, म्हणून पुढचा अर्धा भाग पाहावा. सापडला नाही तर मागचा अर्धा. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य. चौसष्ट प्रती असतील तर बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा वेळा पाहिले की बदलाची जागा सापडते. मात्र ही रीत एकदा झालेल्या बदलाला लागू पडते. या मुलीने बोली एकाच दिवशी बदललेली नव्हती. रोज एक-दोन मुलाखती, असे आठवडाभर चालले होते. म्हणून शेवटच्या मुलाखतीपुरता हा शोध करून भागले नाही. पहिल्या बदलाच्या आधीची प्रत काढावी लागली.

प्रत ओळखताना फाईलच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. विंडोजमध्ये फाईल दुसरीकडे नकलली की 'तयार झाली' ही तारीख नकलण्याच्या दिवसाची लागते, आणि 'बदलली' ही तारीख जुनीच राहते. त्यामुळे फाईल जन्मण्यापूर्वीच बदलली असे चमत्कारिक दृश्य दिसते. ईमेलमधून उतरवून घेतलेल्या फाईलला सामान्यतः उतरवल्याचा दिवस लागतो. खरी कसोटी आतल्या मजकुराची.

आणि सापडलेली जुनी प्रत आजच्या फाईलवर कधीही चढवू नये. पडद्यावर 'रिस्टोअर' असे बटण दिसते व ते दाबण्याचा मोह होतो. ते दाबले की जुने परत येते, पण मधल्या काळात लिहिलेले नवे जागेवरून जाते. जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने काढावी आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. 'वर्ड' व 'लिबरऑफिस' या दोन्हींत दोन फाईलींची तुलना करून फरक दाखविण्याची सोय आहे. ही कल्पनाही जुनी आहे. १९७०च्या दशकात बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स प्रणालीसाठी 'डिफ' नावाचा प्रोग्राम लिहिला गेला, तो दोन फाईलींतल्या वेगळ्या ओळी दाखवी. या मुलीने जुन्या प्रतीतून बोलीतला मजकूर घेतला, नव्या प्रतीतून स्वतःच्या टिपा घेतल्या आणि तिसरी फाईल केली. त्या तिघींपैकी एकही फाईल तिने पुसली नाही.

सगळ्यांच्या बाबतीत शोध असा सरळ होत नाही. संस्थेत रात्री आपोआप बॅकअप निघत असेल तर त्याची रीत समजून घ्यावी लागते. रोज सगळ्या फाईलींची प्रत काढणे जागेला परवडत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी रविवारी सगळे उतरवून घेतात आणि इतर दिवशी फक्त त्या दिवशी बदललेले. अशा व्यवस्थेत बुधवारच्या संचात आपली फाईल दिसली नाही तर ती हरवली असा अर्थ होत नाही. ती बुधवारी बदललेली नव्हती इतकाच तो अर्थ. मग मंगळवारचा संच पाहावा, नंतर सोमवारचा, शेवटी रविवारचा. जेथे ती प्रथम भेटेल तीच बुधवारची प्रत.

जुन्या प्रती किती दिवस राहतात हेही पाहावे. ॲपलच्या संगणकांवर २००७ पासून 'टाईम मशीन' आहे. ते शेवटच्या चोवीस तासांतली दर तासाची प्रत ठेवते, महिन्याभरातली रोजची एक आणि त्यामागची आठवड्याची एक. डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रती काढून टाकते. म्हणजे काल दुपारी लिहून संध्याकाळी खोडलेले वाक्य आज मिळू शकते, महिन्याने बहुधा नाही. गुगल ड्राईव्हवर ठेवलेल्या वर्डसारख्या फाईलींच्या जुन्या आवृत्त्या, आपण 'कायम ठेवा' असे सांगितले नसेल तर, तीस दिवसांनंतर किंवा शंभर आवृत्त्यांनंतर जाऊ शकतात. चार महिन्यांनी जागा झालेल्या माणसाला तीस दिवसांची मुदत पुरत नाही.

येथे एका मोठ्या गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. "माझे सगळे ड्राईव्हवर आहे, मला बॅकअपची गरज नाही," असे पुष्कळजण म्हणतात. ड्राईव्हसारखी व्यवस्था आपल्या संगणकावरची फाईल आणि दूरच्या संगणकावरची फाईल एकसारखी ठेवते. एकीकडे बदललेले दुसरीकडे काही क्षणांत बदलते. एकीकडे पुसलेले दुसरीकडे पुसले जाते आणि कचरापेटीतही तीस दिवसच राहते. खंडणीखोर व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या तर तीच कुलूपबंद फाईल वर चढते. संगणकाला सदैव जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही अशा वेळी वाचत नाही. बॅकअप म्हणजे आजच्या बदलाचा हात जिच्यापर्यंत पोचत नाही अशी कालची प्रत.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे आपल्या नियतकालिकांचे व पुस्तकांचे कितीतरी काम 'पेजमेकर'मध्ये, 'श्री-लिपी' किंवा 'आयएसएम'च्या फॉन्टमध्ये झालेले आहे. ती फाईल जुन्या सीडीवर सापडते, उघडतेही. पण अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात. ती फाईल बिघडलेली नसते. त्या काळचे फॉन्ट प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या संकेतावर चालत आणि आज आपण वापरतो तो युनिकोड वेगळा आहे. मूळ फॉन्ट बसविला किंवा परिवर्तकातून नेली तर मजकूर परत येतो. म्हणून अशी फाईल 'खराब' म्हणून फेकू नये, आणि जुन्या अंकांच्या फाईलींबरोबर त्यांचे फॉन्ट आणि छापल्यासारखी एक पीडीएफ प्रतही ठेवावी.

बॅकअप आहे असे कागदावर असणे आणि तो असणे यांत अंतर असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. मग पाहिले तर रोजचा बॅकअप जेथे जावयाचा ती जागा रिकामी होती. प्रोग्रामच्या आवृत्त्या जुळत नसल्याने प्रत निघतच नव्हती, आणि तसे कळविणारी ईमेलही कोणाला पोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने त्यांना तारले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. तेथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाईलींचा ८५८ टेराबाईटचा साठा जळाला. त्याचा बाहेर कोठेही बॅकअप नव्हता. कारण सांगितले गेले की साठा फार मोठा होता. साधने भरपूर असणाऱ्यांची ही कथा आहे. आपण दर तीन महिन्यांनी एक फाईल निवडावी आणि बॅकअपमधून तिची जुनी प्रत प्रत्यक्ष काढून पाहावी. जी काढता येत नाही ती प्रत नाही असेच समजावे.

जुन्या प्रतीची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी विसरू नये. एखादी बाई मुलाखत देते आणि नंतर सांगते, "माझे नाव काढा, मुकादमाला कळले तर पुढच्या वर्षी काम मिळायचे नाही." आपण फाईलमधून नाव काढतो आणि निश्चिंत होतो. पण ते नाव फाईल हिस्टरीत असते, पाठविलेल्या ईमेलमध्ये असते, पेन ड्राईव्हवर असते. जुना मजकूर जसा आपल्याला सापडतो तसा दुसऱ्यालाही सापडतो. म्हणून प्रती कोठे कोठे आहेत याची नोंद ठेवावी, बॅकअपच्या डिस्कला सांकेतिक शब्दाचे कुलूप लावावे आणि नावांची यादी मुलाखतींपासून प्रथमपासूनच वेगळ्या फाईलमध्ये ठेवावी. विश्वासाने बोललेल्या माणसाला दिलेला शब्द जुन्या प्रतींनाही लागू असतो.

यापुढे करावयाचे ते थोडे आहे. फाईलच्या नावात 'अंतिम', 'नवीन अंतिम' असले शब्द घालू नयेत. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मोठा बदल करण्यापूर्वी नव्या तारखेची फाईल करावी आणि जुनीला हात लावू नये. ज्यात माणसांचे मूळ बोल आहेत ती फाईल 'रीड ओन्ली' करावी. काम करावयाचे ते तिच्या नकलेवर. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या घरी. मजकूर फार जागा खात नाही; एका साध्या पेन ड्राईव्हवर एखाद्या नियतकालिकाच्या सगळ्या वर्षांचा मजकूर मावतो.

आमच्याकडच्या लिखापढीचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या हाती होते. त्यात आधी काय लिहिले होते व नंतर काय झाले, हे विचारण्याची सोय नव्हती. आज आपण आपल्या माणसांचे बोलणे आपल्या हाताने लिहितो. ते कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत लिहिले होते हे उद्या कोणी विचारले, तर तो मसुदा काढून समोर ठेवता आला पाहिजे. त्यासाठी प्रत आज काढावी लागते.